फोरमच्या डेटाबेसात मूळ किती आणि नक्कल किती

फोरमचं मुखपृष्ठ उघडलं की प्रत्येक विभागासमोर चार गोष्टी दिसतात: किती धागे, किती प्रतिसाद, शेवटचा प्रतिसाद कुणाचा, आणि तो कधी आला. हे आकडे दर वेळी नव्याने मोजायचे म्हटलं, तर प्रत्येक पाहुण्यासाठी लाखो ओळींच्या टेबलावरून फेरी मारावी लागेल. कुठलंच नावाजलेलं फोरम सॉफ्टवेअर असं करत नाही. आकडे आधीच मोजून विभागाच्या टेबलात लिहून ठेवलेले असतात आणि नवा प्रतिसाद आला की त्यात एक मिळवला जातो.

म्हणजे या डेटाबेसात दोन जातींची माहिती शेजारी शेजारी राहते. एक मूळ: सदस्याने लिहिलेला मजकूर, त्याच्या पासवर्डचा हॅश (पासवर्डवरून काढलेली, उलट न फिरवता येणारी खूण), जोडलेली फाइल कुणी कधी चढवली याची नोंद. दुसरी, त्यावरून काढलेली नक्कल: संख्या, शेवटच्या लेखकाचं नाव, शोधाचा इंडेक्स (झटकन शोधता यावं म्हणून बनवलेली सूची), तयार करून ठेवलेलं एचटीएमएल. टेबल उघडून पाहिलं तर दोन्ही साधे कॉलमच दिसतात. फोरम सांभाळणाऱ्याला मात्र कुठला कॉलम कुठल्या जातीचा हे पाठ हवं. बिघाड बहुतेक वेळा नकलेत होतो आणि नक्कल मुळावरून परत काढता येते. उलटं होत नाही.

टेबलांची मांडणी

पीएचपीबीबी घ्या, व्हीबुलेटिन घ्या, झेनफोरो किंवा मायबीबी घ्या, या सगळ्या फोरम सॉफ्टवेअरांचा गाभा चार टेबलांचाच: विभाग, धागे, प्रतिसाद, सदस्य. बाकीची डझनावारी टेबलं परवानग्या, व्यक्तिगत निरोप, सूचना, मतदान, जोडफाइली अशा कामांसाठी. टेबलांच्या नावाआधी लागणारा उपसर्ग एवढ्यासाठीच असतो की एकाच डेटाबेसात दोन सॉफ्टवेअर नांदली तरी नावं आपटू नयेत.

नव्याने क्वेरी (डेटाबेसाला विचारायचा प्रश्न) लिहिणारा पहिली ठेच इथे खातो: धाग्याचा पहिला मजकूर धाग्यांच्या टेबलात नसतोच. तिथे शीर्षक, सुरू करणाऱ्याचा क्रमांक आणि पहिल्या प्रतिसादाचा क्रमांक असतो. मजकूर प्रतिसादांच्या टेबलात पहिला प्रतिसाद म्हणून बसलेला असतो. त्यामुळे ‘किती उत्तरं’ आणि ‘किती प्रतिसाद’ यांत कायम एकाचा फरक पडतो. एका फोरमवरून दुसऱ्यावर डेटा नेताना हा एक विसरला, की प्रत्येक धाग्याची संख्या एकाने चुकते.

पीएचपीबीबीच्या प्रतिसादाच्या ओळीत धाग्याच्या क्रमांकासोबत विभागाचा क्रमांकही असतो. खरं तर विभाग धाग्यावरून कळतोच. पण परवानगी तपासताना आणि शोधाचे निकाल गाळताना दर वेळी दोन टेबलं जोडावी लागू नयेत म्हणून ही नक्कल ठेवली आहे. किंमत अशी की ५,००० प्रतिसादांचा धागा दुसऱ्या विभागात हलवला, तर ५,००० ओळी बदलाव्या लागतात. मोठा धागा हलवताना पान अडकलं तर कारण बहुधा हेच.

वेळ बहुतेक ठिकाणी १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा पूर्णांकात साठवतात. ३२ बिटांचा चिन्हासहित पूर्णांक १९ जानेवारी २०३८ ला संपतो, चिन्हाविना ठेवला तर २१०६ पर्यंत पुरतो. क्रमांकांच्या कॉलमची मर्यादा याहून लवकर आडवी येऊ शकते. पीएचपीबीबी ३.० मध्ये प्रतिसादाचा क्रमांक मीडियमइंट (तीन बाइटचा पूर्णांक) होता, म्हणजे कमाल १,६७,७७,२१५. एवढे प्रतिसाद थोड्याच ठिकाणी होतात, पण आयात करताना क्रमांक उड्या मारत गेले तर ती रेषा अपेक्षेपेक्षा जवळ येते. मर्यादा गाठली की नवा प्रतिसाद ‘आधीच अस्तित्वात असलेली किल्ली’ अशा चुकीने नाकारला जातो, आणि चूक वाचून खरं कारण सुचत नाही.

विभागांचं झाड पीएचपीबीबी डाव्या-उजव्या क्रमांकांनी साठवतं. प्रत्येक विभागाला दोन आकडे असतात आणि पोटविभागाचे आकडे पालकाच्या दोन आकड्यांच्या मध्ये बसतात. अख्खी शाखा एका क्वेरीत मिळते. बदल्यात नवा विभाग घातला की त्याच्या पुढचे सगळे आकडे सरकवावे लागतात. विभाग पन्नास असतील तर काही बिघडत नाही. पण सरकवण्याचं काम मध्येच तुटलं, तर आकडे एकमेकांवर चढतात आणि एक विभाग दुसऱ्याच्या पोटात दिसू लागतो किंवा यादीतून गायब होतो. प्रत्येक ओळीत पालकाचा क्रमांकही असतोच. तो मूळ, डावे-उजवे आकडे नक्कल. पालकांवरून झाड पुन्हा चालून आकडे नव्याने लिहिता येतात.

प्रतिसादांच्या झाडासाठी मात्र ही पद्धत वापरू नये. प्रत्येक उत्तरागणिक शेकडो ओळी सरकवणं परवडत नाही. तिथे पालक-प्रतिसादाचा क्रमांक ठेवून वाचताना पुनरावर्ती क्वेरी (स्वतःच्याच निकालावर पुन्हा चालणारी) वापरावी. डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर ती ८.४ पासून आहे, मायएसक्यूएल असेल तर ८.० पासून. किंवा एका धाग्याचे सगळे प्रतिसाद एकदम आणून झाड प्रोग्राममध्येच बांधावं.

एक प्रतिसाद लिहिला जातो तेव्हा

बटण दाबल्यावर साधारण एवढं घडतं. परवानगी आणि दोन प्रतिसादांमधलं किमान अंतर तपासलं जातं. प्रतिसादाची ओळ घातली जाते. धाग्याच्या ओळीत संख्या वाढते, शेवटच्या प्रतिसादाचा क्रमांक, लेखकाचं नाव आणि वेळ बदलते. तेच विभागाच्या ओळीत. मग सदस्याची प्रतिसादसंख्या, एकूण फोरमची प्रतिसादसंख्या, शोधासाठी शब्द, लेखकाच्या बाजूने धागा वाचल्याची खूण, आणि धाग्यावर लक्ष ठेवणाऱ्यांना सूचना. एका प्रतिसादामागे मजकुराची ओळ एक आणि बाकीचे बदल सहा-सात, बहुतेक नकलांचे.

हे सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असेल तर एक तर सगळं होतं, नाही तर काहीच नाही. मायएसक्यूएलच्या जुन्या मायआयसॅम प्रकारच्या टेबलांना ट्रान्झॅक्शन माहीतच नाही. सर्व्हर मध्येच बंद पडला तर प्रतिसाद आला पण संख्या वाढली नाही, किंवा धागा वर आला पण शेवटच्या लेखकाचं नाव जुनंच, असे प्रकार होतात. मायएसक्यूएल ५.५ पासून ट्रान्झॅक्शन जाणणारं इनोडीबी हे डीफॉल्ट (वेगळं न सांगता मिळणारं) इंजिन, म्हणजे टेबल साठवण्याची यंत्रणा, आहे, पण त्याआधी बसवून नंतर फक्त अपग्रेड करत आणलेल्या फोरममध्ये मायआयसॅमची टेबलं अजून सापडतात. आधी ते तपासा.

संख्या वाढवण्याची पद्धतही महत्त्वाची. प्रोग्रामने ४० वाचले, एक मिळवला आणि ४१ लिहिले, तर त्याच क्षणी दुसऱ्या प्रतिसादाचा प्रोग्रामही ४० वाचून ४१ लिहितो आणि एक प्रतिसाद मोजणीतून हरवतो. ‘संख्या = संख्या + १’ हे गणित डेटाबेसलाच करायला सांगितलं की प्रश्न मिटतो. हाताने लिहिलेल्या प्लगइनमध्ये ही चूक फार दिसते.

एकूण प्रतिसादांची संख्या एकाच ओळीत असते, म्हणून प्रत्येक नव्या प्रतिसादाला त्या ओळीचं कुलूप, म्हणजे ती बदलण्याचा तात्पुरता एकट्याचा हक्क, हवं असतं आणि ते ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत सुटत नाही. अशा गर्दीच्या ओळीचा बदल ट्रान्झॅक्शनच्या शेवटी ठेवावा आणि ईमेल पाठवण्यासारखं संथ काम ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढावं. मेल सर्व्हर दहा सेकंद अडला म्हणून अख्खं फोरम दहा सेकंद थांबायचं काहीच कारण नाही.

दोन कामं उलट्या क्रमाने कुलपं घेऊ लागली की डेडलॉक होतो, म्हणजे दोन्ही एकमेकांची वाट पाहत अडकतात: नवा प्रतिसाद आधी धागा मग सदस्य बदलतो, आणि नियंत्रकाचं धागे जोडण्याचं काम आधी सदस्य मग धागा. इनोडीबी त्यातल्या एकाला चूक क्रमांक १२१३ देऊन पूर्ण मागे फिरवतं. त्यावर उपाय साधा, अख्खं ट्रान्झॅक्शन दोन-तीनदा पुन्हा चालवून पाहायचं. चूक १२०५ वेगळी आहे. ती कुलपाची वाट पाहण्याची मुदत संपल्याची, मुळात ५० सेकंद. आणि मूळ सेटिंगमध्ये तिथे फक्त शेवटचा आदेश मागे फिरतो, आधीचे आदेश तसेच उघडे राहतात. कोडने १२०५ गिळून पुढे कमिट केलं (बदल कायम केले), तर अर्धवट लिहिलेला प्रतिसाद पक्का होतो. संख्या चुकण्याचं हे कारण शोधायला सगळ्यात चिवट, कारण कुठल्याही लॉगमध्ये ‘मोजणी चुकली’ असं लिहिलेलं नसतं.

वाचनसंख्या

प्रतिसाद दिवसाला शंभर येत असतील तर वाचनं हजारोंनी होतात. प्रत्येक वाचनागणिक धाग्याच्या ओळीत एक मिळवायचा म्हणजे वाचनाचं रूपांतर लेखनात करायचं. इनोडीबीत मूळ सेटिंगनुसार प्रत्येक कमिटला लॉग डिस्कवर उतरवला जातो. शिवाय गाजणाऱ्या धाग्याची तीच ओळ सगळ्यांना हवी असते, आणि त्या रांगेत खरा प्रतिसाद लिहिणाराही अडकतो.

पोस्टग्रेसमध्ये वेगळं दुखणं आहे. तिथे बदल म्हणजे ओळीची नवी आवृत्ती, जुनी मेलेली आवृत्ती व्हॅक्यूम हे साफसफाईचं काम येईपर्यंत पडून राहते. बदललेला कॉलम कुठल्याही इंडेक्समध्ये नसेल आणि त्याच पानात (डेटाबेसाच्या डिस्कवरच्या ठराविक आकाराच्या तुकड्यात) जागा असेल तर नवी आवृत्ती तिथेच बसते, इंडेक्सला हात लागत नाही. पण ‘सर्वाधिक वाचलेले धागे’ दाखवायला कुणी वाचनसंख्येवर इंडेक्स केला, की ही सवलत गेली. मग प्रत्येक वाचनाला त्या टेबलाच्या सगळ्या इंडेक्समध्ये नवी नोंद. स्वयंचलित व्हॅक्यूम मुळात टेबलाच्या सुमारे २० टक्के ओळी बदलल्यावर जागा होतो. धाग्यांच्या टेबलासाठी तो आकडा खाली आणावा.

चांगला मार्ग म्हणजे वाचनं बाजूला गोळा करून ठराविक वेळाने एकगठ्ठा मिळवणं. व्हीबुलेटिनमध्ये यासाठी वेगळं टेबल होतं: प्रत्येक वाचनाला त्यात एक ओळ पडायची आणि ठरल्या वेळी चालणारं काम त्या ओळी मोजून धाग्यांत जमा करायचं. आज हेच रेडिस या मेमरीत चालणाऱ्या साठ्यात करतात. मध्येच सर्व्हर पडला तर तासाभराची वाचनं जातील. जाऊ द्यावीत. वाचनसंख्या अचूक असल्याचा आव आणण्यात अर्थ नाही, तिच्यात कितीतरी बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) असतात.

पान क्रमांक ३५०

लांब धाग्याचं पहिलं पान झटकन उघडतं आणि मधलं पान रखडतं, याचं कारण ऑफसेट. ‘७,००० ओळी सोडून पुढच्या २० दे’ असं सांगितलं तरी डेटाबेसला त्या ७,००० ओळींवरून चालत जावंच लागतं. त्यातही इनोडीबीत ओळी प्राथमिक किल्लीच्या, म्हणजे प्रतिसाद क्रमांकाच्या क्रमाने १६ केबीच्या पानांत रचलेल्या असतात. एका धाग्याचे प्रतिसाद महिनोनमहिने येत राहिलेले असल्याने ते शेकडो पानांत विखुरतात. धागा आणि वेळ असा जोड-इंडेक्स असला तरी पूर्ण ओळ मागितली की सोडायच्या ओळींसाठीसुद्धा मूळ टेबलात डोकावणं होतं.

पीएचपीबीबी इथे दोन युक्त्या वापरतं. आधी फक्त प्रतिसाद क्रमांक मागवतं, मग त्या २० क्रमांकांच्या पूर्ण ओळी. आणि हवं असलेलं पान मध्याच्या पलीकडे असेल तर उलट्या क्रमाने शेवटाकडून मोजतं, म्हणून शेवटचं पान पहिल्याइतकंच चपळ आणि सगळ्यात वाईट पान मधोमधचं. पहिल्या युक्तीचा पूर्ण फायदा मिळायला क्वेरीतले सगळे कॉलम इंडेक्समध्ये हवेत. ‘मंजूर झालेलेच प्रतिसाद’ ही अट असते आणि दृश्यतेचा कॉलम इंडेक्समध्ये नसतो, तिथे फायदा निसटतो. एक्सप्लेन (क्वेरी कशी चालेल ते सांगणारी आज्ञा) चालवून पाहा. ‘यूझिंग इंडेक्स’ दिसायला हवं. ‘यूझिंग फाइलसॉर्ट’ दिसलं तर क्रमवारीला इंडेक्स कामी येत नाहीये.

झेनफोरोने प्रत्येक प्रतिसादाला त्याच्या धाग्यातलं स्थान लिहून ठेवलं आहे. पान ३५० म्हणजे स्थान ६,९८० ते ६,९९९, थेट इंडेक्सवरून. वाचायला याहून वेगवान काही नाही. अर्थात स्थान ही आणखी एक नक्कल. मधला प्रतिसाद काढला किंवा दोन धागे जोडले, की पुढची सगळी स्थानं पुन्हा लिहायची. डिस्कोर्स या फोरम सॉफ्टवेअरमध्ये प्रतिसाद काढला तरी क्रमांक बदलत नाहीत, मध्ये खिंडार राहतं. मला हा तह जास्त पटतो, कारण ‘क्रमांक ४२ पाहा’ असं कुणी लिहून ठेवलेलं वर्षांनंतरही खरं राहतं.

आणि क्रमवारी नुसत्या वेळेवर करू नये. एकाच सेकंदाला आलेले दोन प्रतिसाद पानांच्या सीमेवर सापडले, तर एक दोन्ही पानांवर दिसतो आणि दुसरा कुठेच नाही. वेळेच्या जोडीला प्रतिसाद क्रमांक घातला की क्रम पक्का होतो.

वाचलं, न वाचलं

ठळक अक्षरात दिसणारे न वाचलेले धागे ही फोरममधली सगळ्यात महाग सोय. १०,००० सदस्य आणि १,००,००० धागे असतील तर प्रत्येक जोडीला एक ओळ म्हणजे १०० कोटी ओळी. म्हणून कुणीही सगळ्या जोड्या साठवत नाही.

पीएचपीबीबी विभागागणिक एक वेळ ठेवतं: ‘यापूर्वीचं सगळं वाचलं’. त्या वेळेनंतर हललेले जे धागे सदस्याने उघडले, तेवढ्यांच्याच ओळी वेगळ्या टेबलात. विभागात न वाचलेलं काही उरलं नाही की त्या ओळी पुसून विभागाची वेळ पुढे सरकवायची. टेबल आपोआप आक्रसतं. झेनफोरो मुळात ३० दिवसांपेक्षा जुने धागे वाचलेलेच धरतं आणि जुन्या खुणा पुसतं. डिस्कोर्स प्रत्येक सदस्य आणि धाग्यासाठी शेवटचा वाचलेला प्रतिसाद क्रमांक ठेवतं, शिवाय कुठला प्रतिसाद किती वेळ नजरेसमोर होता याचंही एक टेबल ठेवतं. हे दुसरं टेबल मोठ्या फोरमवर प्रतिसादांच्या टेबलालाही मागे टाकतं. डिस्क कशाने भरली ते शोधताना आधी तिथे पाहा.

वाचल्याच्या खुणा कशावरूनही परत काढता येत नाहीत, म्हणजे त्या मूळच. तरी हरवल्या तर चार दिवस कुरबुर होते, एवढंच.

मजकूर आणि बाइट

सदस्याने टाइप केलेला मजकूर आणि पडद्यावर दिसणारं एचटीएमएल वेगळं. झेनफोरो कच्चा मजकूर साठवतं आणि दाखवताना रूप देतं. डिस्कोर्स दोन्ही साठवतं, कच्चा आणि शिजवलेला, नाव खरोखर तेच आहे. साइटचा पत्ता एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर गेला की शिजवलेल्या मजकुरातले चित्रांचे दुवे जुनेच राहतात. मग कच्च्यावरून पुन्हा शिजवण्याची आज्ञा चालवावी लागते, लाखो प्रतिसादांना ते काही तास चालतं. डेटाबेसात थेट ‘शोधा आणि बदला’ करण्याचा मोह इथे होतो. पीएचपीच्या सीरिअलाइज पद्धतीने भरलेले रकाने असतील तर तो आवरा: त्यात प्रत्येक मजकुराशेजारी त्याची लांबी लिहिलेली असते. शब्द एका अक्षराने लांबला तरी लांबी जुळत नाही आणि तो अख्खा रकाना वाचता येईनासा होतो.

देवनागरीत लिहिणाऱ्यांना बाइटचा हिशोब माहीत असलेला बरा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि मात्रा, हलंत ही वेगळी चिन्हं आहेत. ‘कि’ ६ बाइट, ‘क्ष’ ९. टेक्स्ट प्रकारच्या कॉलममध्ये ६५,५३५ बाइट मावतात, म्हणजे देवनागरीची २१,८४५ चिन्हं. लांब लेख त्यात बसत नाही. प्रतिसादासाठी मीडियमटेक्स्ट हवा, तिथे मर्यादा १६ एमबीच्या जवळ आहे. मायएसक्यूएलचा स्ट्रिक्ट मोड (न बसणारा डेटा नाकारणारं सेटिंग) बंद असेल तर जास्तीचा मजकूर गुपचूप कापला जातो. लेखकाला लेख जमा झाल्याचं दिसतं आणि शेवटचे परिच्छेद कधीच साठवलेले नसतात.

मायएसक्यूएलचं जुनं ‘यूटीएफ८’ फक्त ३ बाइटपर्यंत जातं. देवनागरी त्यात बसते, इमोजी बसत नाहीत कारण ते ४ बाइटचे. स्ट्रिक्ट मोडमध्ये चूक १३६६ येते. तो बंद असेल तर इमोजीपासून पुढचा सगळा मजकूर उडतो. प्रतिसाद पहिल्या हसऱ्या चेहऱ्यापाशी तुटलेले दिसले तर निदान झालंच. उपाय ‘यूटीएफ८एमबी४’, जो मायएसक्यूएल ८.० पासून डीफॉल्टच आहे. जुन्या टेबलांचं रूपांतर करताना इंडेक्सची ७६७ बाइटची मर्यादा आड येते: २५५ अक्षरं गुणिले ४ म्हणजे १,०२०. म्हणून जुन्या स्थापनांत १९१ हा विचित्र आकडा दिसतो, १९१ गुणिले ४ म्हणजे ७६४. ओळीचा प्रकार डायनॅमिक केला की मर्यादा ३,०७२ होते आणि प्रश्न सुटतो.

दुसरं दुखणं लॅटिन-१ या रोमन लिपीसाठीच्या जुन्या अक्षरसंचाचं. टेबल आणि कनेक्शन दोन्ही लॅटिन-१ असतील तर देवनागरीचे बाइट जसेच्या तसे आत जातात, तसेच बाहेर येतात आणि सगळं छान चालतं. नव्या सर्व्हरवर कनेक्शन यूटीएफ-८ झालं, की प्रत्येक अक्षराच्या जागी टोपी घातलेली रोमन अक्षरं दिसू लागतात. अशा वेळी कॉलम सरळ यूटीएफ८एमबी४ मध्ये रूपांतरित करू नका, मजकूर दुहेरी एन्कोड होईल. आधी कॉलमचा प्रकार ब्लॉब (नुसते बाइट, अक्षरसंच नाही) करा, मग ब्लॉबवरून यूटीएफ८एमबी४ चा मजकूर करा. बाइट तेच राहतात, फक्त लेबल बदलतं. अक्षरांच्या जागी कचरा दिसतोय तोवर बाइट शाबूत आहेत. प्रश्नचिन्हं साठवली गेली असतील तर मूळच गेलेलं असतं आणि फक्त बॅकअप कामाला येतो.

शोध

पीएचपीबीबीच्या स्वतःच्या शोधात दोन टेबलं असतात: शब्दांची यादी, आणि कुठला शब्द कुठल्या प्रतिसादात. १० लाख प्रतिसादांत सरासरी ४० वेगळे शब्द धरले तर दुसऱ्या टेबलात ४ कोटी ओळी. अनेक फोरमांत तेच सगळ्यात मोठं टेबल निघतं. शब्दाच्या लांबीला किमान ३ आणि कमाल १४ अशी मूळ मर्यादा आहे. ‘विद्यार्थ्यांसाठी’ या शब्दात मात्रा आणि हलंत धरून १७ चिन्हं भरतात. मराठी मजकुरासाठी कमाल मर्यादा वाढवून इंडेक्स पुन्हा बांधणं भाग आहे. विभक्तीचे प्रत्यय वेगळे काढणारं काही नसल्याने ‘घर’ शोधल्यावर ‘घरात’ सापडत नाही, शब्दाच्या शेवटी तारा लावून शोधावं लागतं.

मायएसक्यूएलचा फुलटेक्स्ट हा शोधासाठीचा इंडेक्स वापरला तर इनोडीबीत किमान ३ आणि मायआयसॅममध्ये किमान ४ लांबीचे शब्द घेतले जातात. सेटिंग बदलल्यावर सर्व्हर पुन्हा सुरू करून इंडेक्सही पुन्हा बांधावा लागतो, नुसतं सेटिंग बदलून काही होत नाही. स्फिंक्स किंवा इलास्टिकसर्च असं शोधाचं स्वतंत्र सॉफ्टवेअर जोडलं तर शोधाचं ओझं डेटाबेसवरून उतरतं.

सेशनबद्दल, म्हणजे पाहुण्याच्या एका भेटीच्या नोंदीबद्दल, थोडक्यात. कुकी न ठेवणारा बॉट प्रत्येक विनंतीला नवं सेशन उघडतो. सेशनचं टेबल मेमरी प्रकारचं (डिस्कऐवजी मेमरीत राहणारं) असेल तर १६ एमबीची मूळ मर्यादा भरून ‘टेबल भरलं’ ही चूक १११४ येते आणि कुणालाच आत येता येत नाही. मर्यादा वाढवा किंवा इनोडीबी करा, आणि मुदत संपलेली सेशन हजार-हजारांच्या तुकड्यांत पुसा.

संख्या चुकल्या तर, आणि बॅकअप

नकला पुन्हा काढण्याची सोय प्रत्येक सॉफ्टवेअरच्या प्रशासन विभागात असते. क्रम पाळा: आधी धाग्यांच्या संख्या, मग विभागांच्या, मग सदस्यांच्या. विभागाची बेरीज धाग्यांवरून होते, म्हणून उलट्या क्रमाने केलं तर चूक तशीच वर चढते. पीएचपीबीबीत ३.१ पासून मंजूर, नामंजूर आणि लपवलेल्या प्रतिसादांच्या वेगळ्या संख्या आहेत. हाताने क्वेरी लिहून सगळे मोजले तर सामान्य सदस्याला शेवटी एक रिकामं पान दिसू लागतं. हलवलेल्या धाग्याची जुन्या विभागात राहिलेली सावली ही स्वतंत्र ओळ असते, तीही मोजणीतून वगळा.

बॅकअपला मायएसक्यूएलडंप ही डेटाबेसाची प्रत काढणारी आज्ञा ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ पर्यायासह चालवा, म्हणजे फोरम बंद न करता एकाच क्षणाचं चित्र मिळतं. हे फक्त इनोडीबी टेबलांना लागू आहे, मध्ये एखादं मायआयसॅम टेबल राहिलं असेल तर ते त्या क्षणाचं असेलच असं नाही. अक्षरसंच यूटीएफ८एमबी४ असा स्पष्ट सांगा. सेशन आणि शोधाच्या टेबलांचा फक्त सांगाडा घ्या, आतला डेटा नको. डंपचा आकार कधीकधी निम्म्यावर येतो.

पीएचपीबीबी जोडफाइली डिस्कवर निरर्थक नावांनी ठेवतं आणि खरं नाव डेटाबेसात. नुसता फोल्डर वाचला तर हजारो बिननावाच्या फाइली हाती लागतात, नुसता डेटाबेस वाचला तर तुटके दुवे. दोन्हींचा बॅकअप लागतो, आणि डेटाबेस आधी, फाइली नंतर. मधल्या काळात चढलेली फाइल मग फार तर अनाथ उरते. उलट क्रमाने केलं तर नोंद असते पण फाइल नसते.

परत भरताना पीएचपीमायअॅडमिन या ब्राउझरमधून चालणाऱ्या साधनाच्या वाटेला जाऊ नका. पीएचपीची मूळ मर्यादा २ एमबीची फाइल आणि ३० सेकंदांची आहे, अर्धं भरून ते थांबतं. कमांड लाइन वापरा. ‘सर्व्हर निघून गेला’ अशी चूक २००६ आली तर एखादी ओळ मॅक्स अलाउड पॅकेटच्या मर्यादेहून मोठी आहे, ती मर्यादा सर्व्हर आणि क्लायंट दोन्हीकडे वाढवा. दुसऱ्या फोरमवरून पोस्टग्रेसमध्ये क्रमांकांसकट ओळी आणल्या असतील, तर सिक्वेन्स, म्हणजे पुढचा क्रमांक देणारा मोजक, अजून १ वरच उभा असतो. जुने धागे सगळे नीट वाचता येतात आणि पहिला नवा प्रतिसाद मात्र ‘किल्ली आधीच आहे’ म्हणून आपटतो. भरणं संपल्यावर प्रत्येक टेबलाचा सिक्वेन्स सर्वांत मोठ्या क्रमांकावर आणा, आणि मगच फोरम उघडा.